‘सर्टिफाइड’ आहे, पण म्हणजे नेमकं काय? पॉवर सप्लायच्या सुरक्षा-मानकाचं चिकित्सक वाचन

पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. तुमच्या लॅपटॉपचा चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट-आउटपुटचे आकडे दिसतील. एका चौकोनात दुसरा चौकोन दिसेल. भारतात विकलेला असेल तर ‘आर’ने सुरू होणारा एक नंबर आणि त्याच्या जोडीला एका भारतीय मानकाचा क्रमांक दिसेल. बऱ्याच चार्जरवर ‘सीई’ असतं, काहींवर ‘यूएल’. आपण हे सगळं एका नजरेत बघतो आणि मनातल्या मनात एकच शब्द म्हणतो : सर्टिफाइड.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये रिसर्चला येणाऱ्या माणसाने हा शब्द इतक्या सहज म्हणू नये, असं माझं मत आहे. का, ते सांगण्यासाठी हा लेख. आणि हे मत मला फुकटात मिळालेलं नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ६५ वॅटच्या एका अ‍ॅडॉप्टरचा प्रोटोटाइप विभागाच्या सेमिनारमध्ये मांडला. कार्यक्षमतेचा आलेख छान होता, आकार लहान होता आणि स्लाइडवर ठळक अक्षरांत ‘कॉम्पॅक्ट’ लिहिलेलं होतं. चाचणी-प्रयोगशाळेत काम केलेले एक पाहुणे मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “प्रायमरी आणि सेकंडरीत अंतर किती ठेवलंय?” मला उत्तर माहीत नव्हतं. संध्याकाळी व्हर्नियर घेऊन बसलो. दोन मिलिमीटरही भरत नव्हतं. म्हणजे मी बनवलेली वस्तू चालत होती, पण कुणाच्या हातात देण्यासारखी नव्हती. पुढे योग्य अंतरं ठेवून ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला तेव्हा आकार वाढला, आलेख खाली सरकला, आणि ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द काढून टाकावा लागला.

तेव्हापासून मी सुरक्षा-मानकं वाचतो. नियमांची यादी म्हणून नाही, तर एखादं पुस्तक वाचावं तशी. यात काय म्हटलंय, काय गृहीत धरलंय, काय गाळलंय. आज त्याच वाचनाबद्दल.

आधी खुणा वेगळ्या करू

चार्जरवरच्या खुणा एकाच माळेतले मणी वाटतात, पण प्रत्येकीमागची प्रक्रिया वेगळी आहे आणि प्रत्येकीचं म्हणणंही वेगळं आहे.

‘सीई’पासून सुरुवात करू. युरोपच्या लो व्होल्टेज डायरेक्टिव्हखाली (२०१४/३५/ईयू) येणाऱ्या वस्तूंसाठी ही उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा असते. कागदपत्रं तयार ठेवायची, वस्तू कायद्यात बसते असं स्वतःच्या सहीने जाहीर करायचं आणि खूण छापायची. या डायरेक्टिव्हनुसार तिसऱ्या कुणी ती वस्तू तपासलीच पाहिजे असं बंधन नाही. त्यामुळे नुसत्या ‘सीई’ला ‘सर्टिफिकेट’ म्हणणं चूक आहे. लिटरेचर सर्व्हेमध्ये ही चूक दिसली की लेखकाने मूळ कागद वाचलेला नाही हे लगेच कळतं.

‘यूएल’चं मूळ १८९४ मधल्या शिकागोतलं. आगीच्या विम्याचा धंदा करणाऱ्यांना विजेच्या तारांची धास्ती होती, त्यांच्या पैशातून विल्यम मेरिल यांनी ही संस्था उभी केली. ‘यूएल’मध्ये नमुना तपासला जातोच, शिवाय नंतर कारखान्यात न कळवता तपासनीस जातात. पण इथेही एक बारकावा आहे. दुसऱ्या उपकरणाच्या आत बसवायच्या पॉवर सप्लायवर बऱ्याचदा आरशातल्यासारखा उलटा ‘आर’ आणि त्याला चिकटलेला ‘यू’ असतो. त्याचा अर्थ ‘हा सुटा भाग मान्य आहे, पण काही अटींवर’ असा आहे. किती तापमानापर्यंत, कसल्या पेटीत, कुठला फ्यूज लावून, हे सगळं त्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. ‘आम्ही सर्टिफाइड पॉवर सप्लाय वापरला, म्हणून आमचं उपकरण सुरक्षित’ असं वाक्य प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्रास आढळतं. ते लिहिणाऱ्याने अटी वाचलेल्या नसतात.

आता आपला ‘आर’ नंबर. २०१२ साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आणि माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे बीआयएस, ही नोंदणी देतं. चाचणी भारतातल्या बीआयएस-मान्य प्रयोगशाळेत व्हावी लागते, तो अहवाल आणि उत्पादकाचं स्वयंघोषणापत्र यांवर नोंदणी मिळते. कुकरवर किंवा इस्त्रीवर दिसणाऱ्या आयएसआय चिन्हासाठी कारखान्याची तपासणी होते, तशी या योजनेत नोंदणीच्या आधी होत नाही. पुढे बाजारातून नमुने उचलून तपासण्याची तरतूद आहे. म्हणजे आयएसआय आणि ‘आर’ नंबर ही एकाच संस्थेची दोन वेगवेगळी विधानं आहेत.

गंमत बघा. २०१२ च्या पहिल्या यादीत लॅपटॉप होता, टीव्ही होता, प्रिंटर होता. स्वतंत्रपणे विकले जाणारे पॉवर अ‍ॅडॉप्टर २०१४ च्या दुसऱ्या यादीत आले. दोनशे तीस व्होल्ट आणि माणूस यांच्यामध्ये खरा उभा असतो तो अ‍ॅडॉप्टर, आणि यादीत त्याचा नंबर नंतर. याद्या करणाऱ्यांना नावं ठेवायला हे सांगत नाहीये. आपणही तेच करतो. थीसिसमध्ये मुख्य सर्किटला चाळीस पानं आणि पॉवर सप्लायला ‘१२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वापरला’ एवढी एक ओळ.

मानक काय म्हणतं

संगणक, चार्जर वगैरेंसाठी बरीच वर्षं आयईसी ६०९५०-१ हे मानक होतं. आपलं आयएस १३२५२ (भाग १) त्यावरच बेतलेलं. टीव्ही-स्पीकरसाठी आयईसी ६००६५ वेगळं. मग टीव्हीत संगणक शिरला, संगणकात टीव्ही शिरला, आणि दोन्ही मिळून आयईसी ६२३६८-१ आलं. पहिली आवृत्ती २०१०, दुसरी २०१४, तिसरी २०१८, चौथी २०२३. युरोपात २० डिसेंबर २०२० पासून जुनी दोन मानकं मागे पडली. आपल्याकडेही आयएस/आयईसी ६२३६८-१ कडे जाणं चालू आहे.

नव्या मानकात फक्त क्रमांक बदलला असं समजू नका, विचाराची पद्धत बदलली आहे. जुनं मानक मुख्यतः ‘इथे एवढं अंतर, तिथे एवढी जाडी’ असं सांगत असे. नवं मानक आधी तीन चौकोन काढायला लावतं : एका टोकाला ऊर्जास्रोत, दुसऱ्या टोकाला माणूस, आणि मध्ये सेफगार्ड. ऊर्जेची प्रतवारी करायची. विजेच्या बाबतीत ईएस-१, ईएस-२, ईएस-३. माणसाचीही प्रतवारी : सामान्य, सूचना दिलेला, कुशल. ईएस-१ ला सामान्य माणसाने हात लावला तरी चालतं. डीसीसाठी ही सीमा ६० व्होल्ट. ईएस-२ ची सीमा १२० व्होल्ट. त्यापुढे ईएस-३, आणि सामान्य माणूस व ईएस-३ यांच्यामध्ये दुहेरी किंवा प्रबलित संरक्षण हवंच.

तुमच्या चार्जरवर हे लावून बघा. आत येणारी २३० व्होल्टची मेन्स : ईएस-३. बाहेर जाणारे २० व्होल्ट : ईएस-१. शक्तीच्या प्रतवारीत, म्हणजे आग लागण्याच्या दृष्टीने, ६५ वॅटचं आउटपुट पीएस-२ मध्ये बसतं, कारण त्याची सीमा १०० वॅट आहे. म्हणजे चार्जर ही ईएस-३ आणि ईएस-१ यांच्यामधली भिंत झाली. आणि मानकाचा खरा प्रश्न असा : या भिंतीतली कुठलीही एक वीट निखळली तर पलीकडचा माणूस वाचतो का? म्हणून चाचणीत एकेक भाग मुद्दाम शॉर्ट करतात, उघडा करतात. फीडबॅकचा ऑप्टोकपलर तुटला तर आउटपुट किती चढतं, पंखा अडकला तर काय होतं, आउटपुट शॉर्ट केलं तर काय पेटतं. एका बिघाडानंतरही माणूस सुरक्षित राहिला पाहिजे.

मला या मानकातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आपले पेपर ‘सर्किट चालतं’ हे दाखवतात. मानक ‘सर्किट बिघडतं तेव्हा काय’ हे विचारतं. संशोधनाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि माझ्या मते जास्त रंजकही.

तीन आकडेमोडी, ज्या पेपरमध्ये सापडत नाहीत

ही तक्रार हवेत राहू नये म्हणून तीन छोटे हिशोब करू.

पहिला ट्रान्सफॉर्मरचा. जुन्या मानकाप्रमाणे, २३० व्होल्टच्या मेन्सवर, नेहमीच्या घरगुती-ऑफिसच्या धुळीत आणि नेहमीच्या पीसीबी मटेरियलवर २५० व्होल्टच्या वर्किंग व्होल्टेजला प्रबलित इन्सुलेशनसाठी पृष्ठभागावरून जाणारं अंतर, म्हणजे क्रीपेज, ५ मिलिमीटर लागतं. ३०० व्होल्टला ६.४ मिलिमीटर. हवेतून सरळ जाणारं अंतर, म्हणजे क्लिअरन्स, ४ मिलिमीटर. साध्या एनॅमल वायरने गुंडाळायचं तर बॉबिनच्या दोन्ही कडांना टेप लावून जागा सोडावी लागते. समजा बॉबिनची रुंदी १२ मिलिमीटर आहे आणि दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर सोडले. गुंडाळायला उरले ६. म्हणजे निम्मी खिडकी गेली! तेवढीच तार आता जास्त थरांत बसवावी लागते, प्रायमरी-सेकंडरीची जवळीक कमी होते, लीकेज इंडक्टन्स वाढतो, स्नबरमध्ये जास्त ऊर्जा जळते, कार्यक्षमता पडते. तिहेरी इन्सुलेशनची वायर वापरून हा टेप टाळता येतो, पण मग तार जाड आणि महाग होते. सांगायचा मुद्दा असा की सुरक्षा हा शेवटी मारायचा शिक्का नाही. ती ट्रान्सफॉर्मरच्या समीकरणात पहिल्या दिवसापासून बसलेली आहे. इन्सुलेशन न धरता मोजलेली पॉवर डेन्सिटी म्हणजे पाया न धरता केलेला बांधकामाचा अंदाज.

दुसरा हिशोब वाय-कपॅसिटरचा. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावून हात फिरवला की झिणझिण्या जाणवतात, हा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल. कारण हाच कपॅसिटर. स्विचिंगचा गोंगाट आटोक्यात ठेवण्यासाठी तो प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये बसवतात, आणि त्यातून ५० हर्ट्झचा थोडा करंट पलीकडे झिरपतो. तो थेट फेजला जोडलेला आहे असं वाईटात वाईट धरू. २.२ नॅनोफॅरड, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ : करंट येतो सुमारे ०.१६ मिलिअँपिअर. ४.७ नॅनोफॅरड घेतला तर सुमारे ०.३४. जुन्या मानकात अर्थिंग नसलेल्या, हात लागू शकणाऱ्या भागासाठी मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर होती. म्हणजे पहिला पास, दुसरा नापास. नव्या मानकात ईएस-१ ची मर्यादा ०.५ मिलिअँपिअर आहे. आता दोन्ही पास!

इथे क्षणभर थांबा. वीज तीच, माणूस तोच, कपॅसिटर तोच. मानकाचा क्रमांक बदलला आणि निकाल बदलला. याचा अर्थ कुणी फसवतंय असा नाही. माणसाच्या शरीरावर विजेचा काय परिणाम होतो याचं वेगळं आयईसी ६०४७९ आहे. त्यानुसार अर्ध्या मिलिअँपिअरपर्यंतचा करंट जाणवू शकतो, पण सहसा माणूस दचकून हात झटकत नाही. नव्या मानकाने सीमा तिथे आणून ठेवली. पण यातून एक शिस्त लागते : ‘मानकाप्रमाणे सुरक्षित’ हे वाक्य अपुरं आहे. कुठलं मानक, कितवी आवृत्ती, कुठली मर्यादा, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तिसरा हिशोब एक्स-कपॅसिटरचा. तो फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतो. प्लग उपसला तरी त्यात विजेचा साठा राहतो, आणि प्लगच्या उघड्या पिनांना बोट लागू शकतं. जुन्या मानकाप्रमाणे घरगुती प्लगच्या उपकरणात हा साठा एका सेकंदात ३७ टक्क्यांपर्यंत उतरायला हवा. ०.४७ मायक्रोफॅरड असेल तर त्याला समांतर लावायचा रेझिस्टर फार तर २.१ मेगाओहम. तो रेझिस्टर प्लग लावलेला असेपर्यंत सतत सुमारे २५ मिलिवॅट खातो. आता ज्या पेपरचा सगळा दावाच ‘नो-लोडला आम्ही पाच-दहा मिलिवॅट वाचवले’ असा आहे, त्याच्या सर्किटमध्ये हा रेझिस्टर शोधा. नसेल, तर ती बचत कुणाच्या बोटाच्या जिवावर केली आहे हे तुम्हाला कळलं. प्लग काढल्यावरच रेझिस्टर जोडणाऱ्या आयसी मिळतात, पण मग ती आयसीच बिघडली तर काय, हा मानकाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या विषयातले दहा पेपर काढा आणि प्रत्येकात तीन गोष्टी शोधा : क्रीपेज-क्लिअरन्स, टच करंट, एका बिघाडानंतरची चाचणी. काय सापडतं ते स्वतःच बघा.

आता मानकावर टीका

इथवर मी मानकाची बाजू घेतली. पण चिकित्सक वाचन म्हणजे आरती नव्हे. मानकाची स्वतःची गृहीतकं आहेत, आणि त्यातली काही आपल्या मातीत नीट रुजत नाहीत.

तापमान घ्या. जुन्या मानकात तापमानाची चाचणी उत्पादकाने सांगितलेल्या कमाल वातावरणीय तापमानासाठी होते, आणि ते किमान २५ अंश धरलं जातं. बरेच उत्पादक ४० अंश लिहितात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि चार्जर गादीवर, उशीखाली पडलेला असतो. प्रमाणपत्र खोटं नाही. ते चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल काही बोललेलंच नाही.

उंची घ्या. क्लिअरन्सचे आकडे समुद्रसपाटीपासून २००० मीटरपर्यंतचे आहेत. हवा विरळ झाली की कमी व्होल्टेजला ठिणगी उडते, म्हणून त्यावर गुणक लावावा लागतो : ३००० मीटरला १.१४, ४००० ला १.२९, ५००० ला १.४८. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्रात कुणाला हा प्रश्न पडणार नाही. पण पुण्यात डिझाइन केलेला राउटर लेहला गेला, तर तो साधारण ३५०० मीटरवर चालणार. ४००० मीटरच्या गुणकाने ४ मिलिमीटरचे ५.१६ होतात. चीनने आपल्या जीबी ४९४३.१ मानकाच्या २०११ च्या आवृत्तीत ५००० मीटर गृहीत धरलं, आणि जे उपकरण तेवढं झेपवत नाही त्यावर तशी सूचना छापायला लावली. ज्या देशाची माणसं पठारावर राहतात त्याने आपलं मानक पठारावर नेलं. मानक जसंच्या तसं स्वीकारणं आणि आपलंसं करणं यातला फरक इथे दिसतो.

न्यूट्रल घ्या. ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल सुटला की गावात काय होतं हे ग्रामीण भागातून आलेल्यांना सांगायला नको. एकाच्या घरी दिवे मंद, दुसऱ्याच्या घरी बल्ब फटाफट उडतात. दोन फेजमधले चारशे व्होल्ट दोन घरांत वाटले जातात, आणि ज्याचा लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त येतात. चार्जर गरम करून बघण्याच्या चाचण्या मात्र रेटेड व्होल्टेजच्या दहा टक्के वर-खाली होतात, म्हणजे २३० साठी २५३ व्होल्टपर्यंत. मिनिटंच्या मिनिटं ३०० व्होल्ट आले तर? शिखर व्होल्टेज ४२४. आतला मोठा कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचा. पुढे काय होतं ते त्या चाचणीत दिसत नाही.

आणि ‘सामान्य माणूस’ घ्या. मानकातला सामान्य माणूस प्लग लावतो, काढतो, वस्तूला हात लावतो. प्लग तुटला म्हणून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटमध्ये अडकवणारा माणूस त्यात नाही. चार्जर बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त करून घेणाराही नाही. दुरुस्तीत काय होतं पाहा. वाय-१ दर्जाचा कपॅसिटर ८ किलोव्होल्टचा इम्पल्स सोसण्यासाठी तपासलेला असतो. दिसायला तो निळी चकती. साधा एक किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटरही दिसायला निळी चकतीच. कारागीर हातात येईल ती बसवतो, चार्जर चालू होतो, गिऱ्हाईक खूश. बाहेरचा ‘आर’ नंबर अजून तसाच आहे. भिंतीतली वीट मात्र मातीची झाली आहे.

शेवटची टीका सगळ्या प्रमाणपत्रांना लागू पडते : तपासतात तो नमुना, वापरतो तो दुसराच नग. २०१६ चा गॅलक्सी नोट ७ आठवा. रीतसर बाजारात आलेला फोन, बॅटऱ्या पेटल्या म्हणून परत घेतला, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घालून पुन्हा दिला, तोही पेटला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं जाहीर केली. पहिल्या पुरवठादाराच्या सेलचा कोपरा दाबला जात होता, दुसऱ्याच्या सेलमध्ये वेल्डिंगचे उंचवटे राहिले होते. असा उंचवटा एखाद्या नगात असतो, दुसऱ्यात नसतो. मूठभर नमुन्यांत तो सापडेलच असं नाही.

मग घ्यायचं काय?

टीका वाचून ‘म्हणजे सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद’ असा निष्कर्ष काढू नका. मला उलटं म्हणायचं आहे. प्रमाणपत्र हे एक विधान आहे : हा नमुना, या मानकाच्या या आवृत्तीप्रमाणे, या तापमानापर्यंत, या उंचीपर्यंत, या अटींवर पास झाला. ते मर्यादित आहे, आणि त्याच्या मर्यादा वाचायला जाल तर लिहिलेल्या सापडतात. त्याच्या शेजारी आपल्या पेपरचं विधान ठेवा : ‘प्रस्तावित कन्व्हर्टर कॉम्पॅक्ट आणि स्वस्त आहे.’ कुठल्या इन्सुलेशनसह? किती तापमानाला? एक भाग बिघडल्यावर काय? काहीच लिहिलेलं नाही. मानक अपुरं असेल, पण आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. माझ्या त्या स्लाइडपेक्षा तर नक्कीच.

रिसर्चची तयारी करणाऱ्यांसाठी चार कामं सुचवतो.

पहिलं, मानक वाचायला आयईसी ६२३६८-२ पासून सुरुवात करा. ६२३६८-१ मध्ये फक्त ‘काय’ आहे, ६२३६८-२ या तांत्रिक अहवालात ‘का’ दिलेलं आहे. विद्यार्थ्याला ‘का’ आधी कळलेलं बरं. मानकं महाग असतात, तेव्हा विकत घेण्याआधी कॉलेजच्या ग्रंथालयात चौकशी करा.

दुसरं, सिनॉप्सिस लिहितानाच तीन चौकोनांचं चित्र काढा. तुमच्या सर्किटमध्ये ईएस-३ कुठे आहे, माणूस कुठे आहे, मध्ये काय आहे. हे चित्र काढता आलं नाही, तर टोपॉलॉजी ठरवायची वेळ अजून आलेली नाही.

तिसरं, आलेख मांडताना दोन रेषा काढा : एक इन्सुलेशनची अंतरं न धरता, एक धरून. दुसरी रेषा खाली असेल. असू दे. त्या दोन रेषांमधली फट हाच कदाचित तुमच्या संशोधनाचा खरा विषय असेल.

चौथं, मानकाने जे विचारलं नाही ते विचारा. न्यूट्रल सुटल्यावर सुरक्षितपणे बंद पडणारा स्वस्त अ‍ॅडॉप्टर कसा असेल? दुरुस्तीत चुकीचा कपॅसिटर बसवताच येणार नाही अशी रचना करता येईल का? ४५ अंशांत, उशीखाली, पाच वर्षांनी इन्सुलेशनचं काय होतं? हे प्रश्न जिनिव्हातल्या समितीला आपोआप पडणार नाहीत. ज्याच्या गावात न्यूट्रल सुटतो त्यालाच ते पडतात, आणि मानकं बनवणाऱ्या समित्यांपुढे मांडायला मोजमापं लागतात. ती मोजमापं करणं हे आपलं काम आहे.

आणि व्हर्नियर जवळ ठेवा. माझा आता कायम टेबलावरच असतो.